चॅनलमधून घरंगळणाऱ्या छर्ऱ्याचे त्वरण हिशेबापेक्षा १५ टक्के कमी येते. चुकते कुठे?

पेठेतला_प्रयोग (प्रश्न)

बारावीच्या पहिल्याच धड्यात, रोटेशनल डायनॅमिक्समध्ये, उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूचे सूत्र येते: त्वरण = ग × साइन थीटा ÷ (१ + क). इथे 'ग' म्हणजे गुरुत्वीय त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन आणि 'क' म्हणजे एम.आय. (मोमेंट ऑफ इनर्शिया, जडत्व आघूर्ण) भागिले (वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग). भरीव गोळ्यासाठी क = २/५, म्हणून त्वरण ५/७ ग साइन थीटा. मुलांकडून हे पाठ करून घेण्यापेक्षा एकदा मोजूनच घ्यावे म्हटले, तर आकडा जुळत नाही.

मांडणी अशी. स्लायडिंग खिडकीचे ॲल्युमिनियमचे चॅनल, लांबी १.२ मीटर, तोंड वर करून ठेवलेले. तोंडाची आतली रुंदी १५ मिमी. त्यावर २५ मिमी व्यासाचा स्टीलचा छर्रा. एक टोक ६ सेंमी उचलले, म्हणजे साइन थीटा ०.०५. स्थिर अवस्थेतून सोडून १ मीटर अंतराला लागलेला वेळ मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओवरून काढला.

वेळ येतो २.६० सेकंद, म्हणजे त्वरण ०.२९६ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुण्यात ग ९.७८ धरून हिशेबाने यायला हवे ०.३४९, म्हणजे २.३९ सेकंद. सगळी वाचने २.५८ ते २.६२ च्या आतच आहेत, त्यामुळे बटण दाबण्यातली गडबड म्हणता येत नाही. मुले एका सुरात "सर, घर्षणामुळे" म्हणून मोकळी झाली. पण छर्ऱ्याला शिलाई मशीनचे तेल लावून पाहिले तरी वेळ तेवढाच. वहीत काय लिहायचे?

झटपट_उत्तर

घर्षण आणि हवेचा रोध. आदर्श परिस्थिती आणि प्रत्यक्ष यात फरक असणारच. १५ टक्के म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगाला उत्तम आहे.

कर्वेनगर_वर्कशॉप

१५ टक्के उत्तम वगैरे नाही. सगळी वाचने एक-दीड टक्क्यात बसतात आणि उत्तर मात्र १५ टक्के बाजूला, आणि तेही दर वेळी एकाच बाजूला. याचा अर्थ मोजमाप नीट आहे, सूत्रात घातलेली वस्तू वेगळी आहे.

तुमचा छर्रा चॅनलच्या तळाला टेकतच नाही. तो दोन काठांवर बसला आहे. छर्ऱ्याची त्रिज्या १२.५ मिमी, तोंडाची अर्धी रुंदी ७.५ मिमी. मध्यापासून काठांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे उभे अंतर पायथागोरसने काढा: १५६.२५ वजा ५६.२५ म्हणजे १००, त्याचे वर्गमूळ १०. छर्रा १२.५ वर नाही, १० मिमीवर घरंगळतो आहे. एका फेऱ्यात तो ७८.५ मिमी पुढे जायच्या ऐवजी ६२.८ मिमीच जातो. थोडक्यात, तेवढेच पुढे जायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात.

आता सूत्रात दोन त्रिज्या वेगळ्या ठेवायच्या. एम.आय. ठरते छर्ऱ्याच्या खऱ्या त्रिज्येवरून: २/५ × वस्तुमान × १२.५ चा वर्ग. पण पुढे जाण्याचा वेग आणि गिरकीचा वेग यांना जोडणारी त्रिज्या १० आहे. म्हणून क = ०.४ × (१५६.२५ ÷ १००) = ०.६२५. त्वरण = ०.४८९ ÷ १.६२५ = ०.३०१. वेळ २.५८ सेकंद. तुमच्या २.६० शी पडताळून बघा.

व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजलेल्या रुंदीवर विसंबायचे नसेल तर याहून सोपी खात्री आहे. छर्ऱ्याच्या मधोमध परमनंट मार्करने बारीक ठिपका काढा, चॅनल सपाट ठेवा, ठिपका बरोबर वर आणून काठावर खूण करा आणि छर्रा बोटाने हळूच ढकलत ठिपका पुन्हा वर येईपर्यंत न्या. एका फेऱ्याचे अंतर पट्टीने मोजा. तीन फेरे करून तीनने भागले तर आणखी चांगले. ६३ मिमीच्या आसपास आले की वाद संपला. ही पद्धत व्हर्नियरपेक्षा भरवशाची आहे, कारण या सेक्शनचे काठ थोडे गोलसर असतात आणि टेकण्याची जागा आतल्या रुंदीवरून नेमकी कळत नाही. ढकलताना ठिपका बाजूला सरकला तर अक्ष वाकडा झाला असे समजून पुन्हा सुरुवात करा.

झटपट_उत्तर

भूमिती कबूल. पण घर्षण शून्य कसे धरता? तेही काहीतरी खाणारच.

निवांत_लंबक

खाते, पण किती ते काढता येते, अंदाजाने बोलायची गरज नाही.

हवा आधी. २५ मिमी व्यासाचा स्टीलचा छर्रा साधारण ६४ ग्रॅमचा. उतारावरून ओढणारे बल ०.०३१ न्यूटन. शेवटी वेग पाऊण मीटर प्रति सेकंदाच्या पुढे जातो, त्या वेगाला हवेचा रोध त्याच्या अर्धा टक्काही भरत नाही. हवा सोडून द्या.

आता घरंगळण्यातला रोध. पूर्ण १५ टक्के तूट त्यानेच आली असे मानले तर त्याचा गुणांक ०.००७५ च्या आसपास लागेल. तसे असेल तर १.२ मीटरच्या चॅनलचे टोक ९ मिमी उचलेपर्यंत छर्रा जागचा हलणारच नाही. टोकाखाली ५ मिमीची चळत ठेवून छर्रा हलकेच सोडा. सुटून चालू लागला तर घर्षणावरचा आरोप मागे घ्या.

तेलाने फरक का पडला नाही, हा प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग आहे. न घसरता घरंगळताना टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तिथले घर्षण स्थैतिक असते आणि ते लागेल तेवढेच लागते, कमाल मर्यादेइतके नव्हे. तुमच्या उतारावर न घसरण्यासाठी घर्षण गुणांक फक्त ०.०१५ पुरतो. तेल लावल्यावरही स्टील-ॲल्युमिनियममध्ये त्याच्या कितीतरी पट घर्षण शिल्लक राहते. म्हणून वेळ तोच. कोरड्या पृष्ठभागांसाठी गुणांक ०.३ धरला तर या चॅनलवर छर्रा ४४ अंशांपर्यंत घसरणार नाही. तेलकट, ०.१ धरला, तर १८ अंशांनंतर घसरू लागेल. तुम्ही ३ अंशांच्याही आत आहात.

आणि "घर्षणामुळे ऊर्जा वाया गेली" हे वाक्य वहीत कुणी लिहिले तर खोडायला लावा. स्थिर बिंदूवर लागणारे बल काम करत नाही. तुमच्या छर्ऱ्याने १ मीटरमध्ये ५ सेंमी उंची गमावली, म्हणजे ०.०३१३ ज्यूल. त्यातले ०.०१९३ पुढे जाण्यात आणि ०.०१२० गिरकीत. सगळा जमाखर्च जुळतो. घर्षणाने खाल्ले काहीच नाही, ऊर्जा या खात्यातून त्या खात्यात वळवली. सपाट फळीवर गिरकीचा वाटा २८.६ टक्के असतो, काठांवर तो ३८.५ झाला. तुमची तूट ती ही.

चौकस_बारावी

मी विद्यार्थी आहे. सूत्र काढताना आमच्याकडे मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती टॉर्क (फिरवणारा परिणाम: बल × लंब अंतर) घेतात, मग घर्षण बल आणि त्वरण अशी दोन समीकरणे सोडवतात. काठ आले की तिथे मला गोंधळ होतो. घर्षणाचा लिव्हर आर्म (म्हणजे ते लंब अंतर) १२.५ घ्यायचा की १०? आणि नॉर्मल (काठांनी छर्ऱ्यावर लावलेली लंब बले) दोन काठांवर तिरके लागतात, त्यांचा टॉर्क?

आकृती_आधी

१०. आणि गोंधळ दोन आकृत्या न काढल्यामुळे होतो. एक आकृती बाजूने बघून, एक छर्रा तुमच्याकडे येताना समोरून बघून.

समोरच्या आकृतीत दोन्ही काठांचे नॉर्मल छर्ऱ्याच्या मध्यातून जातात, त्यामुळे मध्याभोवती त्यांचा टॉर्क शून्य. तिरके असल्याने दोघांचे मिळून माप मात्र ग कोसाइन थीटाच्या हिशेबापेक्षा जास्त भरते, इथे १२.५ भागिले १०, म्हणजे सव्वापट. न घसरण्याची अट काढताना हे लागते. बाजूच्या आकृतीत गिरकीचा अक्ष आडवा आहे आणि घर्षण लागते ते काठावर. अक्षापासून घर्षणाच्या रेषेचे लंब अंतर म्हणजे तेच १० मिमी.

पण तुला इतके करायचीही गरज नाही. टॉर्क थेट दोन्ही काठांवरच्या टेकण्याच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेभोवती घे. घर्षण त्या रेषेतूनच जाते, त्याचा टॉर्क शून्य. दोन्ही नॉर्मलही तिलाच छेदतात, तेही गेले. उरते फक्त वजन:

वस्तुमान × ग × साइन थीटा × १० मिमी = (एम.आय. + वस्तुमान × १० मिमीचा वर्ग) × कोनीय त्वरण

कंसातले पद म्हणजे पॅरलल ॲक्सिस प्रमेय. कोनीय त्वरणाला १० मिमीने गुणले की रेषीय त्वरण, आणि एका ओळीत ग साइन थीटा ÷ (१ + क). घर्षण किती ते नंतर हवे असेल तर वस्तुमान × त्वरण × क.

एक सावधगिरी. टेकलेल्या बिंदूभोवती असा टॉर्क घेणे इथे चालते, कारण मध्य त्या रेषेपासून कायम सारख्याच अंतरावर राहतो आणि छर्रा घसरत नाही. एका बाजूला शिसे भरलेले चाक घेतलेस तर ही चलाखी उलटते, तिथे मुकाट वस्तुमानकेंद्रावर (सेंटर ऑफ मास) परत यायचे. आणि रेडियन विसरू नकोस. कोनीय वेग अंशांत ठेवून "वेग = त्रिज्या × कोनीय वेग" वापरणारे दरवर्षी निघतात, उत्तर ५७ पटीने फुगते.

चौकस_बारावी

म्हणजे "भरीव गोळा कितीही लहान-मोठा असो, सारख्याच वेळात खाली येतो" हे चॅनलवर खोटे?

कर्वेनगर_वर्कशॉप

साफ खोटे, आणि प्रदर्शनात ठेवायचा असेल तर खरा खेळ हाच आहे. त्याच १५ मिमीच्या चॅनलवर १६ मिमीची काचेची गोटी सोडा. अर्धा व्यास ८, अर्धी रुंदी ७.५, म्हणजे घरंगळण्याची त्रिज्या जेमतेम २.८ मिमी. क जातो ३.३ वर. ६ सेंमी उचललेल्या चॅनलवर त्वरण ०.११, १ मीटरला ४.२ सेकंद! तीच गोटी जागेवरच गरगरत असल्यासारखी दिसते आणि मुंगीच्या चालीने खाली येते. शेजारी तसेच दुसरे चॅनल ठेवून त्यावर ४० मिमीचा छर्रा सोडला तर तो २.४५ सेकंदांत खाली. दोन्ही भरीव, दोन्ही गोल.

दोन अटी. गोटी काठांच्या खाली ५ मिमीपेक्षा थोडी जास्त उतरते, म्हणजे चॅनल आतून निदान ६ मिमी खोल हवे, नाहीतर ती तळाला घासेल आणि मग सगळेच गणित बिघडेल. तुमच्या २५ मिमीच्या छर्ऱ्याला अडीच मिमी पुरते. दुसरे, गोट्या काही अचूक गोल नसतात. काठावर बसलेल्या गोटीला व्यासातला थोडासा फरकही जड जातो, कारण त्रिज्याच २.८ आहे. प्रत्यक्षात वेळ ४.२ च्या आगेमागे नाचेल. छर्ऱ्यांत हा त्रास नाही. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा, बेअरिंगचे सुटे छर्रे मापावर मिळतात. नवा छर्रा ग्रीस-तेलात येतो, रॉकेलने पुसून घ्या. गंज चढलेला घेऊ नका.

याउलट ५/७ च बघायचे असेल तर तोंड अरुंद हवे. २५ मिमीच्या छर्ऱ्याला ५ मिमीचे तोंड दिले तर घरंगळण्याची त्रिज्या १२.२५ आणि त्वरणात तूट सव्वा टक्क्याच्या आत. दोन ॲल्युमिनियम पट्ट्या ५ मिमीची फट ठेवून प्लायवर स्क्रूने बसवल्या की झाले. छर्रा फटीत फक्त पाव मिमी उतरतो, त्यामुळे पट्टी १ मिमी जाडीची असली तरी चालते. रुंद चॅनलच्या तळावरून सोडून "आता तर सपाट झाले ना" असे करू नका. छर्रा एका भिंतीला जाऊन टेकतो, तिथला स्पर्शबिंदू स्थिर नसतो, आणि तिथे मात्र खरोखर घासून ऊर्जा जाते.

काही जण एल आकाराचा अँगल व्ही सारखा उलगडून ठेवतात. तिथे काटकोनी भिंतींवर घरंगळण्याची त्रिज्या ०.७०७ पट, क बरोबर ०.८, त्वरण ग साइन थीटा ÷ १.८. यात छर्ऱ्याचा आकार पुन्हा गणितातून निघून जातो, कारण छर्रा मोठा झाला तरी तो त्याच ४५ अंशांवर टेकतो. तुलनेसाठी ही मांडणी मला सगळ्यात सोयीची वाटते.

निवांत_लंबक

यात एक भर, कारण "घर्षण म्हणजे मागे ओढणारे" हे डोक्यातून काढायला याहून चांगले प्रात्यक्षिक नाही.

चॅनलच्या शेवटी छर्ऱ्याचा वेग ०.७८ मीटर प्रति सेकंद आणि गिरकी सेकंदाला ७८ रेडियन, म्हणजे सव्वाबारा फेरे. हा छर्रा सपाट काचेवर किंवा लॅमिनेटच्या फळीवर उतरला की त्याची त्रिज्या एकदम १२.५ होते. परिघाचा वेग ०.९७, पुढचा वेग ०.७८. गिरकी जास्त, चाल कमी. टेकलेला बिंदू मागे घसरतो, म्हणून घर्षण पुढे लागते आणि सपाट जागेवर आलेला छर्रा आणखी वेग घेतो. टेकलेल्या रेषेभोवती कोनीय संवेग कायम ठेवून हिशेब केला तर वेग ०.७८ वरून ०.८३ होतो, सात टक्के वाढ. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत मोजता येते.

अट एवढीच, की फळीचा पृष्ठभाग काठांपेक्षा अडीच मिमी खाली हवा, म्हणजे छर्ऱ्याचा तळ फळीला हलके टेकतो. फळी वर राहिली तर धडकतो, खाली राहिली तर आपटून उडतो. दोन्हीत वेग बिघडतो. पोस्टकार्डाचे तुकडे खाली सरकवून उंची जुळवा. या बदलात मात्र थोडी ऊर्जा खरोखर उष्णतेत जाते, कारण इथे घसरणे आहे.

एक जुनी गोष्टही इथे सांगण्याजोगी. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या वर्णनात लाकडाच्या लांब पट्टीवर खोबण, तिला चिकटवलेला गुळगुळीत चर्मपत्राचा थर आणि कडक ब्राँझचा गोळा आहे. वेळ मोजायला पाण्याची धार. त्याला गिरकीचा हा वाटा आडवा आला नाही, कारण तो प्रमाणे तपासत होता: चौथाई अंतराला निम्मा वेळ. क कितीही असला तरी ते प्रमाण बदलत नाही. म्हणूनच वेळेच्या वर्गाविरुद्ध अंतराचा आलेख सुंदर सरळ रेषा आला तरी त्वरणाची किंमत पुस्तकाशी जुळेल याची हमी नाही. सरळ रेषा एवढेच सांगते की त्वरण स्थिर आहे.

पेठेतला_प्रयोग

ठिपक्याने तीन फेऱ्यांचे अंतर १८९ मिमी आले, म्हणजे फेऱ्याला ६३. ५ मिमी उंचीवर छर्रा सुटतो, ३ मिमीवरही हळू का होईना सुटतो. आता मुलांना पूर्ण प्रयोग लावायचा तर वाचने कशी घ्यायला सांगू? आणि घरंगळण्यातला थोडा रोध आहेच, तो वेगळा कसा काढायचा?

आकृती_आधी

एकाच उतारावर बसू नका. उतार बदला आणि त्वरणाचा आलेख साइन थीटाविरुद्ध काढा. घरंगळण्यातला रोध कमी कोनांवर जवळजवळ ठरावीक आकडा वजा करतो, म्हणून तो रेषेचा चढ बदलत नाही, रेषा फक्त उजवीकडे सरकवतो. चढ देतो ग ÷ (१ + क). रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते तो रोधाचा गुणांक. एका आलेखात दोन्ही कैदी वेगळे.

उंची ३, ६, ९, १२ सेंमी घ्या. मोबाइलच्या कोन मोजणाऱ्या ॲपवर जाऊ नका. ३ अंशांच्या उतारात ०.१ अंशाची चूक म्हणजे साडेतीन टक्के. त्यापेक्षा पट्टीने दोन्ही टोकांची उंची टेबलापासून मोजून फरक घ्या आणि चॅनलच्या तिरक्या लांबीने भागा. ६ सेंमीत १ मिमी चुकला तरी पावणेदोन टक्के होतात, म्हणून उंची अर्ध्या मिमीपर्यंत वाचा. टेबल स्वतःच कललेले असू शकते. छर्रा सपाट ठेवलेल्या चॅनलवर आधी सोडून बघा, किंवा चॅनलची दिशा उलटवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या.

१.२ मीटरचे पातळ सेक्शन दोनच टेकूंवर मध्ये झोळ खाते. मधे तिसरा टेकू द्या आणि दोरा ताणून सरळपणा बघा. झोळ असला तर वरचा अर्धा भाग जास्त उतरता आणि खालचा कमी होतो, आणि वेळेच्या वर्गाची रेषा वाकते. रेषा वाकली की घर्षणाआधी झोळावर संशय घ्या.

छर्रा बोटांनी सोडू नका. बोट निघताना गिरकी देऊन जाते. समोर प्लास्टिकची पट्टी आडवी धरा आणि उताराच्या दिशेने झटकन काढून घ्या. वर उचललीत तर पट्टी छर्ऱ्याला घासून जाते. अंतर छर्ऱ्याच्या पुढच्या कडेपासून मोजत असाल तर शेवटही पुढच्याच कडेने. सुरुवातीची फ्रेम ठरवणे अवघड जाते कारण पहिल्या दहाव्या भाग सेकंदात छर्रा दीड मिमीच सरकतो. म्हणून पट्टी सुटल्याची फ्रेम धरा, छर्रा हललेला दिसल्याची नाही. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक त्वरणात अडीच टक्के करते, ६० मध्ये सव्वा.

ज्यांना व्हिडिओ नको त्यांनी बुधवार पेठेतून इन्फ्रारेड सेन्सरच्या दोन जोड्या आणून फोटोगेट (छर्ऱ्याने किरण अडवला की वेळ नोंदवणारी फाटके) करावेत, पण पहिला गेट सुरुवातीच्या खुणेच्या खाली बसतो आणि तिथे छर्ऱ्याला आधीच वेग असतो, हे सूत्रात धरावे लागते.

त्वरण = २ × अंतर ÷ वेळेचा वर्ग. अंतर भागिले वेळ करून त्याला पुन्हा वेळेने भागणारे अर्धेच उत्तर काढतात, कारण तो सरासरी वेग असतो, शेवटचा नव्हे.

चौकस_बारावी

कडे आणि तबकडी पण सोडून बघू का? आणि टेबलटेनिसचा चेंडू, पोकळ गोळ्यासाठी?

कर्वेनगर_वर्कशॉप

कडे, तबकडी रुंद फळीवर सोड, चॅनलवर नको. कड्याचा क = १ असतो तो जाडी शून्य असेल तरच. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतलास आणि जाडी ३ मिमी असली तर क = ०.९५. सूत्र: अर्धा × (१ + आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्येच्या गुणोत्तराचा वर्ग). कापलेले टोक काटकोनात नसेल तर तुकडा वळत जातो, फाइल मारून सरळ कर.

टेबलटेनिसचा चेंडू मोहात पाडतो, पण २.७ ग्रॅमच्या चेंडूला याच उतारावर शेवटी शेवटी हवेचा रोधच ओढणाऱ्या बलाच्या दहा टक्क्यांच्या पुढे जातो. इथे झटपट_उत्तर यांचे म्हणणे खरे ठरते. क = २/३ त्यातून स्वच्छ निघणार नाही. फार तर सुरुवातीच्या ३० सेंमीपुरता वापर, तिथे वेग कमी असतो.

पेठेतला_प्रयोग

चार उंचींची वाचने झाली. साइन थीटा ०.०२५, ०.०५०, ०.०७५, ०.१०० ला त्वरण अनुक्रमे ०.१४, ०.३०, ०.४४, ०.६०. चढ ६.०८ येतो, म्हणजे १ + क = १.६१, क = ०.६१. रेषा आडव्या अक्षाला ०.००१६ वर छेदते. ६३ मिमीच्या फेऱ्यावरून क ०.६२ येतो.

निवांत_लंबक

जुळले. ०.००१६ म्हणजे १.२ मीटरला २ मिमी उंची, आणि तुमचा छर्रा ३ मिमीवर हळू सुटतो म्हणालात, तेही त्याच्याशी सुसंगत आहे. सपाट फळीपेक्षा काठांवर हा आकडा थोडा मोठाच येतो. टेकण्याची जागा तिरकी असल्याने छर्रा तिथे पुढे घरंगळता घरंगळता स्पर्शबिंदूवर किंचित पिळलाही जातो, आणि ते पिळणे मात्र घासूनच होते. चॅनलचे काठ बारीक पॉलिश पेपरने एकदा ओढून घ्या, हा आकडा खाली येईल आणि चढ तसाच राहील.

वहीत "घर्षणामुळे" ऐवजी हे दोन आकडे वेगवेगळे लिहायला सांगा. १५ टक्क्यांपैकी जवळजवळ चौदा भूमितीचे.

आकृती_आधी

आणि परीक्षेत "इन्क्लाइन्ड प्लेन" म्हटले असेल तर ५/७ च. तिथे काठ काढत बसू नका.